बोट कधी उचलायचं : मोबाइलवरचा मारिओ शिकताना

उड्या मारत पुढे जायच्या रंगीत मोबाइल गेममध्ये नवखा माणूस हमखास एक गोष्ट करतो. पडद्यावर बोट बडवत राहतो. खड्डा दिसला की बडवतो, कासव दिसलं की बडवतो, आणि दोन-तीन वेळा पडल्यावर ‘हे पोरांचं काम आहे’ म्हणून फोन बाजूला ठेवतो. खरं तर हे खेळ मोठ्यांनाही उत्तम येतात आणि त्यासाठी चपळ बोट लागत नाही. बोट पडद्यावर किती वेळ टेकवायचं आणि कधी उचलायचं, एवढंच शिकायचं असतं. नीट क्रमाने शिकलात तर चाळिशीतला माणूसही हा खेळ आनंदाने खेळू शकतो.

पुण्याजवळच्या आमच्या पिरंगुटमध्ये हे सांगण्याची गरज मला जास्त वाटते. इथे कंपन्या आहेत, पाळ्या आहेत. आई एका पाळीला, वडील दुसऱ्या पाळीला, अशी कितीतरी घरं भूगाव-भुकूमपासून घोटावडे फाट्यापर्यंत सापडतील. मूल घरी, हातात मोबाइल, आणि त्यात काय चाललंय याची घरातल्या कुणालाच धड कल्पना नाही. मुलाला मोबाइल द्यायचाच असेल, तर आधी एक चांगला खेळ स्वतः निवडावा, स्वतः शिकावा आणि मग त्याच्या हाती द्यावा, असं मी आग्रहाने सांगते. आणि पाळी सुटल्यावर बसची वाट बघताना स्वतःसाठी खेळायला काही हवं असेल, तरी हाच खेळ चालेल.

खेळ म्हणजे ‘सुपर मारिओ रन’. ज्यांची शाळा १९९०च्या दशकात झाली त्यांना मारिओ सांगायला नको. टीव्हीला जोडायचा तो व्हिडिओ गेम, एकात अनेक खेळ असलेली कॅसेट, ती चालली नाही की फुंकर मारून परत बसवणं, आणि मे महिन्याच्या सुट्टीत एका रिमोटसाठी चाललेली भांडणं. तोच लाल टोपीचा, मिशीवाला मारिओ. निन्टेन्डो या जपानी कंपनीने १३ सप्टेंबर १९८५ रोजी ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ बाजारात आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. त्या वेळी हातात खरी बटणं होती. डाव्या अंगठ्याखाली दिशेचं, उजव्या अंगठ्याखाली उडीचं. अंगठ्याला बटणाची कड जाणवायची, त्यामुळे डोळे टीव्हीवरून काढावे लागत नसत.

मोबाइलच्या काचेवर ही कड नसते. अनेक गेम पडद्यावरच खोटी बटणं काढून देतात, आणि खेळताना अंगठा कधी त्या बटणावरून सरकला हे कळतच नाही. शिवाय दोन अंगठे पडद्याचा बराच भाग झाकून टाकतात. यावर निन्टेन्डोने जो तोडगा काढला तो मला फार शहाणपणाचा वाटतो. १५ डिसेंबर २०१६ रोजी आयफोनवर आणि मार्च २०१७ मध्ये अँड्रॉइडवर आलेल्या ‘सुपर मारिओ रन’मध्ये मारिओ आपणहून धावतो. दिशा सांभाळायची नाही, वेग सांभाळायचा नाही. फोन उभा, एका हातात. तुमच्याकडे एकच निर्णय उरतो : उडी कधी आणि केवढी.

आपोआप धावण्याची ही कल्पना ‘सुपर मारिओ रन’च्या आधीही वापरली गेली होती. हात-पाय नसलेला, तरी तळहात-पावलं हवेत घेऊन पळणारा रेमन हा नायक फ्रान्सच्या मिशेल ॲन्सेल यांनी १९९५ मध्ये घडवला. २०१२ साली आलेला ‘रेमन जंगल रन’ असाच आपोआप पळायचा. त्याची कंपनी उबिसॉफ्ट, आणि तिचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यातही आहे. पण शिकायची सुरुवात मारिओपासून करावी, कारण त्याच्या लेव्हलची आखणी नवख्याला हाताला धरून नेणारी आहे.

गेम उतरवताना एक काळजी घ्या. प्ले स्टोअरमध्ये नाव शोधलं की मारिओच्या चेहऱ्याचे अनेक खेळ दिसतात. खालचं कंपनीचं नाव निन्टेन्डो आहे ना, ते बघूनच उतरवा. अँड्रॉइडवर हा गेम येण्याआधीच त्याच्या नावाने खोट्या फाइली इंटरनेटवर फिरत होत्या आणि त्यांत बँकेची माहिती चोरणारी सॉफ्टवेअर दडवलेली होती. व्हॉट्सॲपवर कुणी ‘फुल गेम फुकट’ म्हणून फाइल पाठवली तर ती उघडूच नका. ज्या फोनवर तुमचं यूपीआय आहे, त्या फोनवर तर अजिबात नाही.

आता फोनची तयारी. याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि निम्म्या वेळा माणूस खेळात नव्हे, काचेमुळे हरतो. मोबाइलचा पडदा बोटाचा दाब ओळखत नाही. बोट टेकल्यावर काचेवरच्या विद्युत क्षेत्रात होणाऱ्या सूक्ष्म बदलावर तो चालतो. म्हणून पाण्याचा थेंब त्याला बोटासारखा वाटू शकतो, आणि कोरडी, घट्टे पडलेली त्वचा त्याला नीट जाणवत नाही. मुळशीच्या पावसात बाहेर थांब्यावर खेळाल तर मारिओ मनाला येईल तेव्हा उडी मारेल. मशीनवर काम करणाऱ्यांच्या बोटांची टोकं राठ झालेली असतात. त्यांनी बोटाचं अग्र टेकवू नये, पेराचा मऊ, सपाट भाग टेकवावा. लगेच फरक पडतो. हात साबणाने धुवून नीट कोरडे करावेत, काच सुती कापडाने पुसावी. स्क्रीनगार्ड जाड किंवा कडेने सुटलेला असेल तर बदलून घ्यावा.

चार्जिंगला लावून खेळू नये. स्वस्त चार्जरमधून येणारा विजेचा गोंधळ पडद्यापर्यंत पोचतो आणि न लावलेल्या बोटाच्याही नोंदी होतात. शिवाय फोन तापला की तो स्वतःचा वेग कमी करतो आणि उडी उशिरा लागते. बॅटरी वाचवायची सोय चालू असेल तर तीही खेळापुरती बंद करावी, कारण त्या अवस्थेत चित्र अडखळतं. ब्लूटूथ इअरफोनमधून आवाज जरा उशिरा पोचतो. ज्याला आवाजाच्या तालावर उडी मारायची सवय आहे, त्याचा त्यामुळे घोटाळा होतो. तारेचा इअरफोन लावा, नाहीतर आवाज बंद ठेवून फक्त डोळ्यांवर विसंबा.

फोन धरण्याबद्दल एक सुचवते. एका हाताने खेळता येतो हे खरं, आणि बसमध्ये दांडी धरून उभं असताना ते सोयीचंही आहे. पण शिकताना फोन डाव्या हाताच्या पंजात धरा आणि उजव्या हाताच्या तर्जनीने खेळा. डावखुऱ्यांनी उलट. बोट पडद्याच्या अगदी खालच्या कोपऱ्याजवळ ठेवा. पडद्यावर कुठेही टेकवलं तरी उडी लागते, मग मधला भाग झाकायचा कशाला?

पहिली लेव्हल उघडा आणि एक गोष्ट करून बघा. सुरुवातीला उडी मारूच नका. बोट बाजूला ठेवा आणि मारिओ स्वतः काय काय करतो ते बघत राहा. छोटा अडथळा तो आपणहून ओलांडतो. समोरून चालत येणाऱ्या मशरूमसारख्या राक्षसावरून, म्हणजे गूम्बावरून, तो हात टेकून पलीकडे जातो. उंचावरून पडला तर कोलांटी घेऊन पुन्हा धावायला लागतो. कुठेतरी मात्र तो अडतो किंवा पडतो. तुमचं काम तेवढ्याच जागी आहे. नवख्या माणसाच्या दहातल्या सात-आठ उड्या अनावश्यक असतात, आणि त्या अनावश्यक उड्यांमुळेच तो नको तिथे हवेत असतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की बोट आपोआप शांत होतं.

मग उडीची मापं शिका. बोट टेकवून लगेच उचललं तर मारिओ छोटीशी उडी घेतो. बोट टेकवून ठेवलं तर उंच जातो. या दोन टोकांच्या मध्ये हव्या तेवढ्या उंच्या आहेत, आणि संपूर्ण खेळ त्या मधल्या जागेत आहे. सपाट जमिनीवर आधी फक्त छोट्या उड्या मारत जा. मग फक्त उंच. मग ठरवून मधली. सायकलचा ब्रेक थोडा दाबायचा की पूर्ण, हे हाताला जसं सवयीने कळतं, तसंच हे बोटाला कळतं. सांगून कुणाला येत नाही.

हवेत असताना पुन्हा एकदा टेकवलं तर मारिओ गिरकी घेतो आणि क्षणभर तरंगतो. उडी थोडी कमी पडतेय असं वाटलं की ही गिरकी खड्ड्याच्या पलीकडे नेते. पण तिच्या भरवशावर राहू नका. आधी मूळ उडी नीट बसू द्या. गूम्बावरून मारिओ हात टेकून जात असताना नेमक्या त्या क्षणी टेकवलं तर तो जोरदार उसळी घेतो आणि गूम्बाही संपतो. हे जमलं की खेळाला जी लय येते, तिच्यासाठी मी हा खेळ सुचवते आहे.

नजर मारिओवर ठेवू नका. तो कुठे आहे हे तुम्हाला कळतंच. नजर पडद्याच्या उजव्या कडेला ठेवा, जिथून पुढची जमीन येते. फोन उभा असल्यामुळे पुढचं फार थोडं दिसतं, आणि म्हणून एकच लेव्हल पुन्हा पुन्हा खेळणं भाग पडतं. ते कंटाळवाणं वाटत असेल तर नाण्यांकडे बघा. हवेत कमानीसारखी मांडलेली नाणी ही उडीची आखलेली वाट असते. कमान जिथे सुरू होते तिथे बोट टेकवा, शिखर आलं की सोडा. मियामोतोंच्या खेळांत अशी सूचना शब्दांत लिहून दिलेली नसते, ती मांडणीतच असते. नाण्यांची ओळ वाचायला शिकलात की अर्धी लेव्हल तुम्हीच सोडवता.

लाल रंगाची, थांबा-चिन्हाची वीट दिसली की तिच्यावर मारिओ उभा राहतो आणि घड्याळही थांबतं. नवखे घाईने लगेच पुढे निघतात. तसं करू नका. ती जागा बघण्यासाठीच दिली आहे. समोरचा लाकडी फळा किती वेळाने वर येतो, आगीचा गोळा कधी खाली जातो, हे दोन-तीन फेऱ्या बघा आणि मगच बोट टेकवा. बाणाचं चिन्ह असलेल्या विटांवरून जाताना उडी मारली तर मारिओ त्या बाणाच्या दिशेने फेकला जातो. उलट्या दिशेचा बाण असेल तर तो सहसा वरच्या, चुकलेल्या वाटेकडे नेणारा असतो.

खड्ड्यात पडलात तर खेळ लगेच संपत नाही. मारिओ बुडबुड्यात बसून मागच्या दिशेने तरंगत जातो, आणि पडद्यावर टेकवलं की बुडबुडा फुटून तो पुन्हा धावायला लागतो. सोयीची जागा येईपर्यंत थांबा. खड्ड्याच्या वरच फोडलात तर पुन्हा आतच जाल. हा बुडबुडा संकटापुरता नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोपऱ्यातल्या बुडबुड्याच्या चिन्हावर टेकवून तुम्ही हवं तेव्हा स्वतःहून मागे येऊ शकता. एखादं महत्त्वाचं नाणं निसटलं तर लेव्हल पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. पण बुडबुडे मोजके असतात. शेवटचा एक पडण्यासाठी राखून ठेवावा.

दुसरी लेव्हल जमिनीखालची आहे आणि ती खास भिंतीवरच्या उडीसाठी आखलेली आहे. इथे बहुतेक जण अडकतात, म्हणून जरा थांबून सांगते. हवेतला मारिओ भिंतीला भिडला की हळूहळू खाली घसरतो. त्या अवस्थेत टेकवलं की तो भिंतीच्या उलट्या दिशेने उडी घेतो. दोन भिंतींच्या मध्ये असाल तर या भिंतीवरून त्या भिंतीवर, असं वर चढता येतं. चूक होते ती घाईमुळे. भिंतीला भिडायच्या आधीच टेकवलं तर भिंतीवरची उडी लागत नाही, नुसती गिरकी लागते आणि तो खाली येतो. भिंतीला भिडू द्या, घसरायला लागलेला दिसू द्या, मग टेकवा. आणि वर चढायचं असेल तर प्रत्येक वेळी बोट जरा जास्त वेळ ठेवा, नाहीतर चढल्याइतकंच घसराल. नजर समोरच्या भिंतीवर ठेवा, खाली बघू नका.

तिसऱ्या लेव्हलमध्ये उंच मशरूमच्या छत्र्या आणि पंखवाली कासवं आहेत. ही कासवं शत्रू कमी आणि पायऱ्या जास्त. त्यांच्या पाठीवर पडलात की वर उसळता, आणि वरची नाणी त्याच वाटेने मिळतात. चौथी लेव्हल लाव्हावरच्या किल्ल्यातली, शेवटी खलनायक बाउझर. त्याला मारत बसायचं नसतं. त्याची उडी बघून, तो वर असताना खालून किंवा खाली असताना वरून, पलीकडे जायचं असतं. दुसऱ्या जगाच्या सुरुवातीला भुताचा वाडा येतो, तिथे धावण्यापेक्षा कोणतं दार कुठे नेतं हे लक्षात ठेवण्याला महत्त्व आहे. तो मुलांसोबत खेळायला मला सर्वांत चांगला वाटतो. एकाने खेळावं, दुसऱ्याने दारं लक्षात ठेवावीत. एकूण सहा जगं, प्रत्येकात चार लेव्हल, म्हणजे २४. आणि २०१७ मध्ये आणखी एका जगाची भर पडली.

चोवीस लेव्हल काही दिवसांत संपतात आणि मग लोक गेम काढून टाकतात. पण खरा खेळ नुसत्या शेवटाला पोचण्यात नाही, तो रंगीत नाण्यांत आहे. प्रत्येक लेव्हलमध्ये आधी पाच गुलाबी नाणी असतात. ती पाचही मिळवलीत की त्याच लेव्हलमध्ये पाच जांभळी नाणी वेगळ्या जागी येतात. तीही मिळवलीत की पाच काळी. लेव्हल तीच, जमीन तीच, पण वाट पूर्ण वेगळी. गुलाबी नाण्यांना धीर पुरतो. जांभळ्यांना लेव्हल पाठ असावी लागते. काळ्यांसाठी मात्र प्रत्येक उडी ठरवून घ्यावी लागते, आणि एक नाणं हुकलं की कधीकधी पुढचं मिळण्याची वाटच बंद होते. माझं मत असं की पहिल्या जगाची सगळी गुलाबी आणि जांभळी नाणी मिळाल्याशिवाय तिसऱ्या जगात जाऊ नये. पुढे धावण्यापेक्षा एकाच लेव्हलमध्ये खोल गेलं तर हात लवकर तयार होतो.

‘टोड रॅली’ नावाचा भाग दुसऱ्या खेळाडूंच्या सावल्यांशी शर्यतीचा आहे. त्यात हरलात तर जमवलेले टोड, म्हणजे खेळातली छोटी पात्रं, कमी होतात. लहान मुलांना ते फार लागतं. सात-आठ वर्षांच्या मुलाला हा भाग सुरुवातीला दाखवू नये. त्यापेक्षा ‘रीमिक्स १०’ बरा, त्यात दहा छोटे छोटे तुकडे एकापाठोपाठ येतात आणि एखाद्यात चुकलं तरी पुढे जाता येतं. बसथांब्यावरच्या पाच मिनिटांसाठीही तोच योग्य. सहाव्या जगानंतर राजकुमारी पीच खेळायला मिळते. ती हवेत तरंगते, त्यामुळे अवघड नाणी तिच्याकडून सोपी जातात. ज्या लेव्हलने तुम्हाला आधी छळलं असेल, तिच्यात पीचला घेऊन परत जा.

मुलांबरोबर कसं खेळावं? शेजारी बसून. मूल पडलं की ‘इथे उडी मार ना’ असं ओरडू नका, कारण तुमचे शब्द त्याच्या बोटापर्यंत पोचेपर्यंत ती जागा निघून गेलेली असते. त्याऐवजी थांबा-विटेवर उभं असताना विचारा, आता पुढे काय दिसतंय. एका फेरीनंतर फोन दुसऱ्याकडे, असा नियम घरात ठेवा. लेव्हल छोट्या असल्यामुळे तो पाळता येतो. ‘दहा मिनिटं’ असं सांगण्यापेक्षा ‘तीन लेव्हल’ सांगा. मधेच हातातून फोन काढून घेतला की मूल चिडतं, कारण त्याची लेव्हल अर्धवट राहिलेली असते. लेव्हल संपली की ते स्वतःहून फोन देतं.

वयाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. एक वर्षाच्या मुलाला पडदा नको, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा जास्त नको, आणि कमी असेल तर उत्तम. म्हणून अंगणवाडीच्या वयाच्या मुलांना हा खेळ देऊ नये. त्याहून मोठ्यांनाही अंधारात, अंथरुणात खेळू देऊ नका. आपल्याकडे अजून डोंगर आहेत, मोकळी मैदानं आहेत. मुलांच्या डोळ्यांना उजेडातला बाहेरचा वेळ हवाच असतो, आणि तो खेळाच्या आधी मिळाला तर संध्याकाळी अर्धा तास मारिओ खेळायला काहीच हरकत नाही.

पैशांचं बोलायलाच हवं. फुकट म्हणून मिळणाऱ्या बहुतेक रंगीत गेममध्ये दोन लेव्हलच्या मध्ये जाहिरात येते, आणि त्या जाहिरातीचा फुलीचा चौकोन इतका बारीक असतो की मुलाचं बोट जाहिरातीवरच पडतं. काही गेम ‘आणखी जीव हवेत तर पैसे भरा’ असं पुन्हा पुन्हा विचारतात. ‘सुपर मारिओ रन’ची पद्धत वेगळी. सुरुवातीच्या लेव्हल फुकट, मग आवडलं तर एकदाच पैसे. बाजारात आला तेव्हा ती किंमत ९.९९ डॉलर होती. जाहिराती नाहीत, नंतर पुन्हा मागणी नाही. एकरकमी रक्कम मोठी वाटते, पण महिनाभर थोडी थोडी रक्कम गिळणाऱ्या गेमपेक्षा ही पद्धत मला प्रामाणिक वाटते. काहीही असो, प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी सोय आजच करा. आणि तो पासवर्ड मुलाच्या वाढदिवसाची तारीख नसावा.

‘गेममध्ये पैसे जातात’ ही भीती आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ॲपमुळे बसली, आणि ती भीती रास्त होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. मारिओसारखे खेळ त्या वर्गात मोडत नाहीत. यात पैज नाही, जिंकल्यावर पैसे मिळत नाहीत. एखादा गेम ‘खेळा आणि कमवा’ म्हणत असेल, तर तो कितीही रंगीत असला तरी फोनवर ठेवू नका.

इंटरनेटची एक अडचण आहे. हा गेम चालताना त्याला सतत जोडणी लागते. पिरंगुटमध्ये ते सहसा निभावतं. पण पौडच्या पुढे कोकणात उतरताना ताम्हिणीत रेंज जाते आणि गेम थांबतो. ‘गाडीत मूल शांत बसेल’ म्हणून हा गेम घेतला असेल तर घाटात उपयोग नाही. आणि तसाही घाटात मुलांच्या हातात फोन देऊ नये. वळणावळणाला पडद्याकडे बघितलं की मळमळतं, मग गाडी थांबवावी लागते.

मुलं थोडी मोठी झाली आणि ‘हे कोण बनवतं’ असं विचारू लागली, तर त्यांना जपानपर्यंत नेण्याआधी पुण्याची गोष्ट सांगा. पुण्यातल्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या स्टुडिओने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम बनवला. राजी ही मुलगी, तिचा धाकटा भाऊ गोलू, त्याला पळवून नेणारे असुर, आणि त्याच्या शोधात निघालेल्या बहिणीच्या हाती त्रिशूळ. भिंतींवरून धावणं, खांबांवर चढणं, उड्या मारणं, सगळं त्यात आहे, आणि वाडे-मंदिरं-भित्तिचित्रांचे रंग आपल्या ओळखीचे आहेत. २०१७च्या अखेरीस त्यांनी लोकांकडून निधी उभा करायचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. तरी काम थांबलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्रावर आला, मग इतर ठिकाणी, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. संगणक किंवा गेमिंग यंत्र घरी असेल आणि मूल जरा मोठं असेल, तर मारिओनंतर तो दाखवा. चित्रं काढणाऱ्या, संगीत करणाऱ्या, गणित आवडणाऱ्या, सगळ्यांनाच या क्षेत्रात काम असतं, हे मुलांना कळू द्या.

आज सुरुवात करायची असेल तर घरच्या वाय-फायवर गेम उतरवा, खरेदीचा पासवर्ड लावा आणि पहिली लेव्हल बोट न लावता एकदा पाहून घ्या. सुरुवातीच्या लेव्हल फुकट आहेत. त्यांतल्या प्रत्येकीतली पाचही गुलाबी नाणी स्वतः मिळवा, मूल शेजारी बसलेलं असू द्या, आणि तुम्हा दोघांनाही आवडलं तरच पुढचे पैसे भरा.